धोटेराव त्याच गल्लीत उतरतात

धोटेरावांची वही उतरवून काढताना हसू आवरेनासं झालं की आनंदी पदराचा बोळा तोंडात धरायची. लाकडी फळ्यांच्या आडोशापलीकडे तिचे जेठ बसलेले असायचे. जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, हिलालदादा. खानदेशातल्या घरात धाकट्याची बायको जेठासमोर मोठ्यानं हसत नाही. समोर उभी राहून बोलतसुद्धा नाही. गंमत अशी, की जे वाचून तिला हसू यायचं ते सगळं हिलालदादांनीच लिहिलेलं असायचं.

हिलालदादा सुरतेजवळ उधन्याला आर्ट सिल्कच्या एका कारखान्यात चार माग सांभाळायचे. दिवसभर धडधडाटात उभं राहिलेला माणूस घरी आला की दोन शब्द बोलायचा नाही. पण वही पुढ्यात घेतली की त्याच्यातून धोटेराव बाहेर पडायचे. हे धोटेरावही मागावरचेच कामगार. पोट सुटलेले, मिशा झाडूसारख्या. एकदा त्यांनी मागाचा पट्टा चुकून पीळ देऊन चढवला. पिळाचा पट्टा यंत्राला उलटं फिरवतो हे उधन्यात शेंबडं पोरही सांगेल. पण धोटेरावांचा माग असा उलटा फिरला, की विणलेलं कापड उसवत गेलं आणि कापडाबरोबर दिवसही उसवत गेले. एक हात कापड उसवलं की एक वर्ष मागे. पहिल्या पुस्तकात धोटेराव स्वतःच्याच लग्नात परत जातात, कारण त्या दिवशी पंगतीत त्यांच्यापर्यंत बासुंदी पोचली नव्हती. पोटभर बासुंदी खाऊन परत येतात तर घरी बायको जॉबर, म्हणजे मागांवरची मुकादम झालेली, आणि धोटेराव चुलीपुढे. मागे जाऊन एक वाटी जरी इकडची तिकडे केली तरी पुढचं सगळं जग बदलतं, असा त्या पुस्तकांचा नियम होता. दुसऱ्या पुस्तकात शेठलोक मागावर उभे आणि कामगार गादीवर लोळत पान खाताहेत. एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्यांवर ही पुस्तकं खपायची. नंदुरबार-अमळनेरकडे जाणारी माणसं प्रवासाला एक घेऊन बसायची.

हिलालदादांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. प्रेसवाल्याला ते लागायचं नाही, म्हणून सुवाच्य प्रत करायचं काम आधी धाकट्या भावाकडे, लोटूकडे असायचं. लोटू आनंदीचा नवरा. तोही त्याच कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. सकाळी उशिरापर्यंत पालथा पडून तो वही उतरवायचा, आणि एखादं वाक्य आवडलं की ते मोठ्यानं वाचून बायकोला हसवायचा. लग्नानंतर दोनच वर्षं हे चाललं.

१९६८च्या ऑगस्टात तापीला पूर आला. उकाईचं धरण तेव्हा बांधून व्हायचं होतं. सुरतेत पाऊस झिमझिमच होता; पाणी आलं ते वरून, खानदेशातून. लोक नंतर म्हणायचे, आपल्याच गावचं पाणी आपल्याला शोधत आलं. नदीकाठचं शहर गळ्यापर्यंत बुडालं. उधना नदीपासून लांब, तिथे फारसं काही झालं नाही. पण त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास लोटू "येतो फिरून" म्हणून घरातून निघाला, आणि आला नाही.

आठ दिवस शोधलं. सरकारी यादीत नाव नाही, कुठे प्रेत नाही. आदल्याच दिवशी लोटूचं जॉबरशी कडाक्याचं वाजलं होतं, हे चाळीत सगळ्यांना माहीत. मग दिवाळीच्या आधी गल्लीतला चिंधा मुंबईहून परत आला आणि म्हणाला, कल्याण स्टेशनात मी लोटूला पाहिला, हाक मारली तर गर्दीत घुसला. झालं. म्हातारी सासू, धुरपदाबाई, त्या दिवसापासून ताठ बसली. ज्यानं विचारलं त्याला सांगायची, "मना लोटू जित्ता शे. राग उतरना म्हंजे ई." राग उतरला की तो येईल, याची तिला खात्री होती. हिलालदादांना आईनं एकदाच विचारलं होतं, तुला काही सांगून गेला का. ते म्हणाले होते, मी सातलाच पाळीवर गेलो होतो, मला तो भेटलाच नाही.

आनंदीचं कुंकू राहिलं आणि त्या कुंकवामुळेच तिचं जिणं अवघड झालं. विधवा असती तर लोकांनी हळहळ केली असती. ही तर टाकलेली. नळावर बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. माहेरी दोंडाईच्याला गेली तर भावजय विचारायची, असं काय बोलली होतीस त्यांना? आनंदी स्वतःलाही तेच विचारायची. सहा वर्षांत तिनं ती सकाळ किती वेळा उसवली असेल त्याला गणती नाही. चहा दिला तेव्हा मी काय म्हणाले? कप आपटला का? ते हसले ते खरं हसले की कुचेष्टेनं? धोटेरावांना निदान परत यायला एक वर्तमान असायचं. आनंदी परत यायची ती त्याच सकाळी, आणि दर वेळी तिला स्वतःचा एखादा नवा गुन्हा सापडायचा.

वही उतरवायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं. थोरली जाऊ प्रमिलाबाई मध्यस्थ झाली. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं नवऱ्याला सांगितलं, तिचं मन रमेल, द्या. हिलालदादांनी पुरानंतर चार वर्षं पेन उचललं नव्हतं. पुराच्या वेळी तिसऱ्या पुस्तकाची एकुलती एक प्रत प्रेसमध्ये होती (कच्ची पानं तेव्हा उतरवून झाली की चुलीत जायची), ती प्रेसबरोबर बुडाली, असं घरात सगळे समजून होते. प्रेसवाल्याचे निरोपावर निरोप आले तेव्हा ७२ साली ते पुन्हा लिहायला बसले. लिहून झालेली पानं ते कोनाड्यात ठेवायचे. दुपारी जेवणं उरकली की आनंदी ती घ्यायची आणि उतरवून परत ठेवायची. काही लागलं नाही तर चिठ्ठी: "पान बारा, ओळ चौथी, शब्द कोणता?" खाली उत्तर यायचं. दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच.

१९७४च्या उन्हाळ्यात नवी वही सुरू झाली. सुरुवातीचं प्रकरण झकास होतं. धोटेराव आपल्या आज्याला भेटायला ऐंशी हात कापड उसवतात, कारण आजा साधू व्हायला निघालाय आणि तो साधू झाला तर धोटेराव जन्मणारच नाहीत. आज्याचं लग्न लावून देता देता त्यांची जी त्रेधा उडते ती उतरवताना आनंदीनं पदराचा बोळा दोनदा तोंडात धरला.

दुसऱ्या प्रकरणात धोटेरावांना परत यायचं असतं, पण हिशेब चुकतो आणि ते आजच्या सहा वर्षं आधीच, एका अरुंद गल्लीत उतरतात. गल्लीत पावलाएवढं पाणी. धोटेराव धोतर वर धरून उड्या मारतात, एका बकरीवर आपटतात, बकरी त्यांच्या मिशा खाते. एवढं सगळं गमतीचं. मग एक ओळ होती: "तेवढ्यात एक तरुण पायजमा दुमडून शेजारून गेला. त्याची छत्री काळी होती, पण एका काडीपाशी पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली होती."

आनंदीनं ती ओळ उतरवली. मग पेन खाली ठेवलं. भिंतीपलीकडच्या कारखान्यात माग धडधडत होते. तिला वाटलं, ते उलटे फिरताहेत.

तिसऱ्या प्रकरणात धोटेराव निघाले होते बडोद्याला, गायकवाडांची मिठाई खायला. उतरले त्याच गल्लीत. पाणी आता घोट्याच्या वर. चौथ्यात ते पुढच्या काळात जायला निघाले, जिथे माग आपोआप चालतात आणि कामगारांना फक्त जांभया द्यायच्या असतात; तरी उतरले त्याच गल्लीत. विनोद होते, पण ते आता दिवाळीनंतरच्या करंज्यांसारखे मऊ पडले होते. बकरी दर वेळी होती. तरुण दर वेळी होता. आता त्याच्या काखेत मेणकापडात गुंडाळलेलं एक बोचकं होतं. एका पानावर हिलालदादांनी अर्धं पान खोडलं होतं. आनंदीनं पान उन्हात धरून खोडल्याखालचं वाचलं. "धोटेराव ओरडले, अरे लोटू, त्या गल्लीनं जाऊ नको."

ते नाव तिनं दोनदा वाचलं, पण भीती निराळ्याच गोष्टीची होती. ती छत्री तिनं स्वतः शिवली होती. काळा दोरा संपला होता, म्हणून पांढरा घेतला. लोटू म्हणाला होता, आता लांबूनच कळेल की मी लग्न झालेला आहे. हे तिला नीट आठवत होतं, कारण त्या सकाळीच हे झालं होतं, साडेनऊला, तो निघायच्या आधी. पांढरा दोरा पाहिलेला माणूस त्या दिवशी साडेनऊनंतर लोटूला भेटलेला असलाच पाहिजे. आणि हिलालदादा सातला पाळीवर गेले होते.

तिनं चिठ्ठी लिहिली. "हा छत्रीवाला कोण?"

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं: "कथेतला."

तिनं त्याच्याखाली लिहिलं, "ती छत्री मी त्या दिवशी साडेनऊला शिवली. तुम्ही सातला गेला होतात." कागदाची घडी घालून तो कोनाड्यात ठेवला, आणि भांडी घासायला बाहेर जाऊन बसली.

त्यानंतर चार दिवस कोनाडा रिकामा राहिला. हिलालदादा कामावर जायचे, यायचे, ताटावर मान खाली घालून जेवायचे. प्रमिलाबाई म्हणाली, यांना झालंय तरी काय, भाकरीचा तुकडा नुसता फिरवत बसतात. पाचव्या दिवशी आनंदीनं सासूला सांगितलं की दवाखान्यात जाऊन येते, आणि शहराकडे जाणारी बस धरली.

प्रेस नानपुऱ्यात, नदीच्या ओवाऱ्याकडे, म्हणजे घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होती. आनंदी तिथे कधीच आली नव्हती. पण कोपरा वळली आणि तिचे पाय थबकले. डाव्या हाताला दगडी ओटा, उजवीकडे निळं दार, पुढे गल्ली एकदम अरुंद. तीन प्रकरणं तिनं हीच गल्ली आपल्या हातानं उतरवली होती. एका दारात बकरीसुद्धा बांधलेली होती, आणि बकरी तिच्याकडे असं पाहत होती की आनंदी पदर सावरून भिंतीच्या कडेनं गेली.

प्रेसमध्ये तीन पायऱ्या उतरून जावं लागे. आत खिळे जुळवणारा कंपोझिटर एकटाच होता, पोपट नावाचा, नंदुरबारकडचा, पन्नाशीचा. त्यानं चष्म्यावरून पाहत विचारलं, लग्नपत्रिका का? आनंदी म्हणाली, नाही, एका माणसाची चौकशी करायची आहे. कोणाची? नवऱ्याचं नाव घ्यायची सवय तिच्या जिभेला नव्हती. तरी ती म्हणाली, "लोटू. हिलालदादांचा भाऊ. पुराच्या दिवशी इथे आले होते का?"

पोपटनं हातातला खिळा खाली ठेवला.

त्यानं जे सांगितलं ते असं. बारा वाजून गेले होते. पाणी वरच्या पायरीशी आलं होतं आणि तो एकटा कागदाची रिमं माळ्यावर चढवत होता. लोटू आला. म्हणाला, दादानं पाठवलंय, वहीची दुसरी प्रत नाही, ती द्या. पोपटनं ती मेणकापडात बांधून दिली आणि म्हणाला, आता जाऊ नकोस, माळ्यावर थांब माझ्यासोबत, पाणी उतरलं की जा. तर तो हसून म्हणाला, दादा गेटवर उभा असेल. आणि गल्लीनं खाली गेला. वरच्या बाजूनं जायला हवं होतं, पण तिकडे भिंत पडली होती. अर्ध्या तासात पाणी माळ्याखाली हातभर अंतरावर आलं. पोपटनं दोन दिवस माळ्यावर काढले.

"चिखल काढत होतो तेव्हा हिलालभाऊ आले," पोपट म्हणाला. "दहाएक दिवसांनी. त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्या पायरीवर बसून राहिले संध्याकाळपर्यंत. मला वाटलं, घरी सांगितलं असेल."

भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती. आनंदी तिच्याखाली उभी होती आणि रेघ तिच्या डोक्याच्या वर दोन हात होती. तिला रडू आलं नाही. तिला पहिल्यांदा काय वाटलं ते तिनं पुढे फक्त प्रमिलाबाईला सांगितलं: सुटल्यासारखं वाटलं. तो हसला होता. दादा गेटवर उभा असेल म्हणाला होता. म्हणजे चहाच्या कपात, पांढऱ्या दोऱ्यात, तिच्या कुठल्याही बोलण्यात काहीही नव्हतं. तो रागावून गेलाच नव्हता. परत यायला निघालेला माणूस होता तो. आणि हे सुटल्यासारखं वाटणं बसमध्ये बसेपर्यंतच टिकलं. मग राग आला. सहा वर्षं. तिला टाकलेली म्हणत होते, आणि एका माणसाला ठाऊक होतं की तिला कोणी टाकलं नाही. तो माणूस आडोशाच्या पलीकडे बसून विनोद लिहीत होता.

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे घरी असताना आनंदी आडोशाच्या पलीकडे गेली आणि हिलालदादांच्या समोर उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं. प्रमिलाबाई गहू निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला. घरात सगळे अहिराणी बोलत. पण आनंदीच्या तोंडून त्या दिवशी वहीतली भाषा आली. जेठाशी बोलायची तिला तेवढी एकच भाषा येत होती.

"दादा, मी प्रेसवर जाऊन आले. पोपटभाऊंनी सगळं सांगितलं. आता आईंना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

हिलालदादा उठले आणि आईच्या पुढ्यात जमिनीवर बसले, आणि जसं झालं तसं सांगितलं. अकरा वाजता लोटू कारखान्याच्या गेटवर आला होता. नदी चढतेय असं ऐकून सांगायला आला होता. मीच म्हणालो, वही प्रेसमध्ये आहे, पाणी शिरायच्या आत घेऊन ये. माझी पाळी सुटायला चार तास होते, त्याची पाळी दुपारची. तो म्हणाला, जातो आणि येतो. मी तीनपासून रात्र होईपर्यंत गेटवर उभा होतो. घरी आलो तेव्हा तू विचारलंस, आणि वाटलं, सकाळपर्यंत येईल, कशाला आत्ताच घाबरवायचं, म्हणून भेटला नाही म्हणालो. एकदा नाही म्हणालो, मग ते हो करता आलं नाही. आणि चिंध्यानं कल्याणचं सांगितलं तेव्हा, आई, मीच सगळ्यात आधी विश्वास ठेवला.

धुरपदाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "चिंधानी देखं ना त्याले. तो काय खोटं बोलस?" हिलालदादा काही बोलायला गेले तर तिनं हात वर केला. आनंदीकडे पाहून म्हणाली, "तुले जे करनं शे ते कर. माले नको सांगू." त्यानंतर मरेपर्यंत या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही, आणि लोटू येईल हे सांगायचीही थांबली नाही.

आनंदीनं जे करायचं ते केलं. अमावस्येला हिलालदादा, प्रमिलाबाई आणि ती असे तिघं तापीवर गेले. दर्भाची मूर्ती करून भटजींनी विधी केला. तापी उन्हाळ्यात इतकी आटली होती की पाणी कुठे आहे ते विचारावं लागलं. आनंदीनं मंगळसूत्र स्वतः काढलं, कोणाला हात लावू दिला नाही. नळावरच्या बायकांना खरं कळलं, मग त्या हळहळल्या. ती हळहळ तिला नको होती, पण तिची पाठ ताठ झाली.

हिलालदादांना तिनं क्षमा केली का, हे सांगता येणार नाही. पुढचे काही महिने ती त्यांना वाढायची, पण वाढताना ताटाकडेच पाहायची. मात्र एक दिवस प्रमिलाबाई बाजारात गेलेली असताना तिनं आडोशापलीकडून विचारलं, वहीत खोडलेलं आणखी किती आहे. हिलालदादांनी पत्र्याच्या ट्रंकेतून कागदांचा एक गठ्ठा काढला आणि उंबऱ्यावर ठेवला. दर गोष्टीत धोटेराव त्या गल्लीत उतरत होते आणि काहीतरी करून लोटूला वळवत होते. एकदा बकरी आडवी घालतात. एकदा ढोकळ्याच्या दुकानात ओढून नेतात. एकदा स्वतःच हिलाल होऊन गेटवर उभे राहतात आणि म्हणतात, वही जाऊ दे बुडून.

"किती वेळा वाचवलंत?" आनंदीनं विचारलं.

"सतरा."

"मग पुस्तकात का नाही ठेवलंत? एकदा तरी."

पलीकडून हिलालदादा म्हणाले, "सतराही वेळा तो घरापर्यंत येतो. पायरीवर चपला काढतो. आत आल्यावर तो काय बोलेल, ते मला लिहिता येत नाही."

आनंदीला ते येत होतं. लोटू आत आल्यावर काय बोलेल हे जगात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सतरावा कागद घेतला, आणि जिथे हिलालदादा थांबले होते तिथून पुढे लिहिलं: "तो म्हणाला, आधी पाय धुवायला पाणी दे, गल्लीत फार चिखल आहे." टिंब दिलं, आणि बाहेर पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी.

भर दुपार होती. धुरपदाबाई आत झोपली होती. आनंदीनं दाराकडे पाहिलं नाही. ती मान खाली घालून बसून राहिली. ओल्या मातीचा वास आला, नदीच्या मातीचा, आणि तिला कळून चुकलं की आता आपण वर पाहिलं तर एक काहीतरी ठरेल: तिथे तो असेल किंवा नसेल, आणि दोन्ही सोसणार नाही. तिनं पेन घेऊन ती ओळ खोडली. नीट, आडव्या रेघा मारून, एकही अक्षर दिसणार नाही अशी. मग वर पाहिलं. दार उघडं होतं. पायरी कोरडी होती. तिनं सगळे सतरा कागद गठ्ठ्यात बांधले आणि उंबऱ्यावर परत ठेवले, आणि पुन्हा कधी मागितले नाहीत.

हिलालदादांनी पुस्तक पुरं केलं. त्यात गल्ली नव्हती. धोटेराव आज्याचं लग्न लावून सुखरूप परत येतात आणि माग विकून टाकतात, असा शेवट होता. वाचकांना तो आवडला नाही म्हणतात. त्यानंतर धोटेराव कुठेच गेले नाहीत.

७५च्या सुमारास पोपटचे डोळे अधू झाले आणि प्रेसच्या मालकांना मराठी मुद्रितं वाचायला माणूस हवा होता. पोपटनं आनंदीचं नाव सुचवलं. त्याच गल्लीत, त्याच रेघेखाली बसायचं म्हटल्यावर प्रमिलाबाईनं डोक्याला हात लावला. पण आनंदी गेली. रोज बसनं जायची, संध्याकाळी यायची. लग्नपत्रिका, भजनाच्या चोपड्या, पतपेढीचे अहवाल. ऱ्हस्वदीर्घ तिच्या नजरेतून सुटायचं नाही. पावसाळ्यात नदी चढली की मालक लवकर घरी पाठवायचे, तेव्हा मात्र ती वरच्या बाजूच्या गल्लीनं जायची.

धुरपदाबाई ७७ साली गेली. तिच्या तेराव्यानंतर आठ दिवसांनी प्रेसवर टपालानं एक पाकीट आलं, आनंदीच्या नावानं. एकाच घरात राहणाऱ्या माणसानं टपाल पाठवावं याचं तिला नवल वाटलं नाही. आत तीन पानं होती. धोटेराव नव्हते, माग नव्हता, एकही विनोद नव्हता. कारखान्याचं गेट होतं, अकराची वेळ होती, दोन भाऊ होते आणि थोरल्यानं धाकट्याला काय सांगितलं ते होतं. थोरल्यानं नंतर किती वेळा खोटं सांगितलं तेही होतं. तिच्याबद्दल एक पूर्ण पान होतं. अक्षर या वेळी मुंग्यांसारखं नव्हतं. एकेक शब्द सुटा काढला होता, शाळेतल्या पोरासारखा. खाली चिठ्ठी होती: चूक असेल तर दुरुस्त करावी.

आनंदीनं तीनही पानं मुद्रितं वाचावीत तशी वाचली, पेन हातात घेऊन, ओळीखाली पट्टी धरून. एक दीर्घ वेलांटी दुरुस्त केली. बाकी कुठे हात लावला नाही. शेवटच्या पानाखाली तिनं लिहिलं, "वाचलं. आनंदी." पाकिटावर हिलालदादांचं नाव आणि घरचाच पत्ता लिहिला, आणि घरी जाताना स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं.